पाच कोटी साठ लाख बावन्न हजार तीनशे एकसष्ट

२ फेब्रुवारी २०२५, रविवार

५,६०,५२,३६१ ही संख्या मूळ आहे. आज सकाळी पावणेआठला विश्वजीतने फोनवर पुन्हा एकदा खात्री दिली. तो माझा जुना विद्यार्थी, आता हिंजवडीत मोठ्या पदावर आहे. मी सांगितलं होतं त्याप्रमाणे त्याने पाया म्हणून २ घेतला, मग ३, असं करत २०० पर्यंत सगळे आकडे घेतले. प्रत्येकाचा, संख्येपेक्षा एकने कमी इतका घात केला आणि त्याला संख्येने भागलं. एकशे नव्व्याण्णव वेळा बाकी एक उरली. मूळ संख्या अशीच वागते. उलट बाजूने हा नियम शंभर टक्के लागत नाही, हे मला कुणी शिकवायला नको. अपवाद असतात. पण ते इतके विरळ, की त्यातला एक नेमका माझ्याच प्रश्नपत्रिकेत येऊन बसेल असं मानायला मी काही पत्रिका बघणारा ज्योतिषी नाही.

पत्रिका मी मांडतो, पण संख्यांची. आमच्या गणित मंडळाच्या ‘संख्यापत्रिका’ स्पर्धेचं हे तेविसावं वर्ष. आठवी-नववीच्या मुलांना दहा मोठ्या संख्या द्यायच्या आणि तीन तासांत प्रत्येकीची पत्रिका मांडायला सांगायची. सम की विषम, अंकांची बेरीज किती, मूळ की संयुक्त, संयुक्त असेल तर अवयव कोणते. दहावी संख्या माझी असते, यंदा हीच. तेवीस वर्षांत शंभरपैकी शंभर मी कुणालाही मिळू दिलेले नाहीत.

निकाल अकरा वाजता लावला. पहिला पुष्कर, शहाण्णव. माझ्याच खासगी वर्गातला. दुसरी मेहनाज नावाची मुलगी, नव्वद. पूर्व भागातल्या कुठल्याशा शाळेतली. दहाव्या संख्येपुढे तिने ‘संयुक्त’वर खूण केली आणि दहा गुण घालवले. माझ्या वर्गातल्या एक्केचाळीस मुलांनी मात्र ‘मूळ’ लिहिलं. एकही चुकला नाही.

पहिल्या येणाऱ्याचं नाव मंडळातर्फे उन्हाळी गणित शिबिराला जातं. जागा एकच. अर्ज वीस तारखेपर्यंत पोचला पाहिजे.

४ फेब्रुवारी, मंगळवार

अपेक्षेप्रमाणे तनुजाचं पत्र आलं. टपालाने, हे त्यातल्या त्यात बरं. ती मेहनाजच्या शाळेत गणित शिकवते. तीनच ओळी:

‘आदरणीय सर, सा. न. मेहनाजची दहावी पत्रिका पुठ्ठा काढून एकदा पाहावी. आपण स्वतः पाहावी, इतकीच विनंती. याबद्दल मी अजून मंडळात कुणाशीही बोललेले नाही.’

‘अजून’ हा शब्द धमकीचा आहे. बायकोला, शालूला, दाखवलं. तिला त्यात धमकी दिसली नाही. तिला बायकांच्या पत्रात कधीच काही दिसत नाही.

पुठ्ठा म्हणजे माझी तपासणीची पद्धत. बरोबर उत्तरांच्या जागी खिडक्या कापलेला जाड पुठ्ठा उत्तरपत्रिकेवर ठेवायचा. खिडकीत खूण दिसली की गुण, नाही दिसली की शून्य. बाकीचं सगळं झाकलेलं. तपासणाऱ्याने डोकं चालवायचं नाही, म्हणजे दयाही येत नाही आणि राग पण येत नाही. दहावी संख्या मूळ आहे, सबब तिच्या अवयवांच्या रकान्याला खिडकी नाही. तिथे कुणी काय लिहिलं, हे बघायचं कारणच नाही.

आणि तनुजाकडे जर अवयव असता तर तिने तो पत्रात लिहिला नसता का? नाही लिहिला. म्हणजे नाहीच.

ही बाई मला २००६ पासून ठाऊक आहे. तेव्हा नववीत होती, माझ्या वर्गात. बाहेरगावच्या एका प्राध्यापकांचं व्याख्यान होतं, मी चार विद्यार्थी घेऊन गेलो होतो. मध्येच संयोजकांनी कुणा पाहुण्यासाठी मला पहिल्या रांगेतली खुर्ची सोडायला सांगितली. मी सोडली, आणि सभागृहही सोडलं. तिघे विद्यार्थी माझ्यामागून बाहेर आले. तनुजा शेवटपर्यंत बसून राहिली. दुसऱ्या दिवशी वही दाखवायला आली होती. मी पाहिली नाही.

गंमत म्हणजे ही संख्या त्याच व्याख्यानातली. माझ्या त्या वेळच्या वहीत शेवटची ओळ आहे: ‘५,६०,५२,३६१: कसोटीला उतरते, सर्व पाये.’ पुढचं पान कोरं.

५ फेब्रुवारी, बुधवार

उत्तर टाकलं. ‘पत्र पोचले. पुठ्ठा काढण्यासाठी नसतो. कळावे.’

८ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी दहाला मेहनाज आणि तिचे आजोबा दारात. न कळवता. दादामियाँ नाव. भवानी पेठेत पुस्तकबांधणीचं दुकान आहे, तिसरी पिढी. मी दारातच बोलणार होतो, पण शालूने ‘आत या ना’ म्हटलं आणि चहा टाकला.

मुलगी उभीच राहिली. तिने तोंड उघडलं मात्र, ‘सर, मी दोनशे अ’ इथपर्यंत आली, मी तिला थांबवलं. निकालानंतर परीक्षकाने उमेदवाराशी संख्येबद्दल बोलायचं नसतं. नियम क्रमांक चौदा. मीच केलेला आहे.

तेव्हा म्हाताऱ्याने तिला खुणेने गप्प केलं. म्हणाला, ‘आमच्या बाईंनीही हेच सांगितलंय, सर. आकडा आपण सांगायचा नाही, सरांचा सरांनी बघितला तर बरं. म्हणून आम्ही नाही सांगत. आपण बघा.’

म्हणजे पढवून पाठवलेलं आहे.

मी त्यांना स्पर्धेचा संकेत समजावून दिला. दोनशेपर्यंतच्या मूळ संख्यांपैकी एकीनेही भाग गेला नाही, तर संख्या मूळ धरायची. आमच्या स्पर्धेत संयुक्त संख्या देताना तिचा एक तरी अवयव दोनशेच्या आत ठेवतात. दोनशेपर्यंतच्या मूळ संख्या शेहेचाळीस, माझ्या वर्गात त्यांचा तक्ता भिंतीवर आहे. दादामियाँनी विचारलं, हे प्रश्नपत्रिकेवर छापलेलं असतं का. मी म्हटलं, छापायची गरज पडलेली नाही, सगळ्यांना माहीत असतं. त्यावर ते ‘सगळ्यांना’ एवढंच म्हणाले आणि चहा प्यायले.

टेबलावर पुठ्ठा होता. त्यांनी विचारून हातात घेतला, अंगठा कडेवरून फिरवला. ‘माल चांगला आहे. ह्यातनं खालचं काहीच दिसणार नाही,’ म्हणाले. ही स्तुती असावी.

जाताना एवढंच बोलले की शिबिर नववीपर्यंतच्याच मुलांना आहे, पुढच्या वर्षी मेहनाज दहावीत असेल. ‘तिच्याकडे परत खेप नाही, सर.’ मी म्हटलं, नियमाकडेही नसते.

कप उचलताना शालू म्हणाली, ‘मोबाइलला विचारा की एकदा. सांगतो म्हणे तो पण.’ पत्रिका मोबाइलने मांडत नाहीत. चाळीस वर्षं संसार करून बाईला इतकं कळू नये?

९ फेब्रुवारी, रविवार

दोनशेच्या पुढे भागत बसलो तर त्याचा अर्थ मला शंका आहे असा होतो. मला शंका नाही. पण या लोकांची तोंडं बंद करायला हवीत, आणि ती देखण्या रीतीने.

चारने भागून बाकी एक उरणारी प्रत्येक मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असते. तेरा म्हणजे चार अधिक नऊ. एकोणतीस म्हणजे चार अधिक पंचवीस. याला अपवाद नाही, याची सिद्धता आहे. माझ्या संख्येला चारने भागलं की बाकी एक. म्हणजे जगात दोन असे आकडे आहेत, ज्यांच्या वर्गांची बेरीज पाच कोटी साठ लाख बावन्न हजार तीनशे एकसष्ट भरते. ते शोधायचे आणि तेवीस तारखेच्या वार्षिक सभेत फळ्यावर लिहायचे. मूळपणाचा दाखलाच.

तनुजाला तसं कळवलं. ‘दि. २३ रोजी दोन वर्ग सादर करीन. त्यानंतर आपण मंडळाची लेखी क्षमा मागावी. विद्यार्थिनीला सोबत आणले तरी चालेल, तिला काही शिकायला मिळेल.’

काम मोठं आहे पण बेसुमार नाही. संख्येला पाचने भागल्यावर बाकी एक उरते, त्यामुळे दोघांपैकी एक आकडा पाचाच्या पाढ्यातलाच असणार. पाच, दहा, पंधरा असं करत ७४८५ पर्यंत. एकंदर एक हजार चारशे सत्त्याण्णव. प्रत्येकाचा वर्ग संख्येतून वजा करायचा आणि उरलेलं पूर्ण वर्ग आहे का पाहायचं. रोज अडीचशे. शाळेत असताना मी पोरांकडून याहून जास्त करून घेतलंय.

११ फेब्रुवारी, मंगळवार

४७० झाले. अजून नाही. स्वाभाविक आहे.

इंद्रजीतचा फोन आला होता. मंडळाचा कार्यवाह, आणि पुष्करचा बाप. कोथरूड गाव होतं तेव्हाची त्यांची जमीन, आता तिच्यावर सोसायट्या आणि त्यांतच आमचं सभागृह. एरवी माझा फोन उचलत नाही, आज दोनदा केला. पेपरांचा गठ्ठा कुठे ठेवलाय, असं विचारत होता. म्हटलं, माझ्या कपाटात, मोहोरबंद. पंधरा दिवस झाले की नियमाप्रमाणे रद्दीत. सतरा तारखेला गाडी पाठवतो म्हणाला. ‘सर, तुम्ही आहे तसं ठाम राहा. तुम्ही ठाम असलात की आम्हाला टेन्शन नाही.’

बऱ्याच वर्षांनी मंडळात कुणीतरी माझ्या तत्त्वाची कदर केली.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

९८५. नाही. आज ४८६० च्या वेळी वाटलं होतं सापडलं, पण वजाबाकीत हातचा विसरलो होतो. अर्धा तास आनंदात गेला. त्याबद्दल मी स्वतःला क्षमा करणार नाही.

शालूने जेवताना विचारलं, नाहीच सापडले तर? मी म्हटलं, सापडणारच. ती म्हणाली, नाही, मी आपलं विचारलं, नाही सापडले तर त्याचा अर्थ काय होतो. आमटीत मीठ जास्त होतं, तेवढं सांगितलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

एक हजार चारशे सत्त्याण्णव झाले. सकाळी साडेअकराला संपले.

एकही नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

काल दुपारभर आणि आज सकाळी, जिथे हात चुकला असेल असं वाटलं त्या ओळी पुन्हा केल्या. चूक नाही. माझ्या चुका मला सापडतात. नियमाला अपवाद नाही. वर्ग नाहीत, म्हणजे संख्या मूळ नाही. हे मला तनुजाने सांगितलेलं नाही, त्या पोरीनेही नाही. माझ्याच अक्षरात नऊ वह्या भरून लिहिलेलं आहे.

दुपारी तीन वाजता गठ्ठ्याची मोहोर फोडली. मेहनाजचा पेपर काढला. सवयीने पुठ्ठा वर ठेवला. खिडकीत कोरी जागा दिसली, शून्य. मग पुठ्ठा उचलला.

अवयवांच्या रकान्यात, बारीक सरळ अक्षरात:

२११ × ४२१ × ६३१

गुणाकार केला. २११ गुणिले ४२१, अठ्ठ्याऐंशी हजार आठशे एकतीस. त्याला ६३१ ने गुणलं. शेवटची बेरीज करायची गरज नव्हती, तरी केली. ५,६०,५२,३६१.

माझा तक्ता १९९ ला संपतो. १९९ नंतरची पहिली मूळ संख्या २११. एक पायरी. ती एक पायरी पुढे गेली. तिच्या शाळेत माझा तक्ता नाही, एवढंच.

शालू दारात उभी होती. किती वेळ, कुणास ठाऊक. काही न बोलता आत गेली. तिने काही बोलायला हवं होतं, म्हणजे मला तिच्यावर ओरडता आलं असतं.

विश्वजीतला फोन लावला. पाया २११ घेऊन बघ म्हटलं. दोन मिनिटांत तो म्हणाला, सर, इथे बाकी एक येत नाही. मग बराच वेळ टायपिंगचा आवाज आला. अशा संख्यांना नाव आहे म्हणाला. कारमायकेल संख्या. आहे संयुक्त, पण कसोटीत मूळ असल्याचं सोंग घेते. स्वतःचा अवयव किंवा त्याची पट पाया म्हणून मिळेपर्यंत ते सोडत नाही. मी विचारलं, मग दोनशेवर थांबलास का? तो म्हणाला, ‘तुम्हीच दोनशेपर्यंत सांगितलं होतं, सर.’

म्हणजे त्या व्याख्यानात ही संख्या फसवी म्हणूनच दिली असणार. माझ्या वहीत पूर्वार्ध आहे. उत्तरार्ध तनुजाने ऐकला. एकोणीस वर्षं तिने मला सांगितलं नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

इंद्रजीत नऊला आला, खाली टेंपो उभा करून. हातात शिबिराचा अर्ज, पुष्करचं नाव टाइप केलेलं, मुख्य परीक्षकाच्या सहीची जागा रिकामी. मी त्याला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं तो हादरेल. तो सोफ्यावर बसला, एक पाय हलवत म्हणाला:

‘माहितीये मला, सर. निकाल लागला त्याच संध्याकाळी मोबाइलवर टाकला आकडा. भाग जातोय. म्हणून तर म्हटलं, ठाम राहा.’

मी विचारलं, मग मला का नाही सांगितलंस?

‘तुम्ही कुणाचं ऐकता? आणि सांगून काय, तुम्ही बदललं असतंत. आता पेपर माझ्या गाडीत जातील, सही तुम्ही कराल, विषय संपला. तिला पुढच्या साली काहीतरी देऊ. उत्तेजनार्थ.’

पुढच्या साली ती दहावीत असेल, मी म्हटलं. तो म्हणाला, सर, आत्ता त्यांची बाजू घेऊ नका, शोभत नाही. दोन आठवडे तुम्हीच त्यांना हाकलताय.

ते खरं होतं. त्यामुळे मी जास्त चिडलो. म्हटलं, गठ्ठा इथून हलणार नाही आणि तुझ्या पोराचे शहाण्णव नाहीत, शहाऐंशी आहेत. त्याने पहिल्यांदाच आवाज चढवला. म्हणाला, त्याला दोनशेवर थांबायला शिकवलं कुणी? दहा हजार फी घेऊन? एक्केचाळीस पोरं चुकली ती कुणाच्या तक्त्याने? पालकांना सांगू का मी हे?

मी म्हटलं, सांग. सही केली नाही.

खाली उतरताना म्हणाला की सभागृह त्याचं आहे, मंडळाची मतं त्याची आहेत आणि तेवीसला मुख्य परीक्षक बदलायचा ठराव येईल. टेंपो रिकामा गेला.

माणूस पहिल्यापासून नीच होता. मी मात्र त्याला कदरदान समजलो. याबद्दल इथे जास्त लिहिण्यात अर्थ नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

मुख्य परीक्षक मी तेवीसपर्यंत आहे. तोवर माझी सही चालते. नवा अर्ज घेतला, हाताने भरला. पालकाची सही हवी, म्हणून भवानी पेठेत गेलो. बसने स्वारगेट, पुढे रिक्षा. रिक्षावाल्याने दोन चौक जास्त फिरवले.

दादामियाँ सरसाच्या वाटीपुढे बसले होते. मला पाहून उठले नाहीत, हात भरलेले होते. मी खुर्ची मागितली नाही. अर्ज पुढे केला, म्हटलं, सही करा. त्यांनी हात पुसले, चष्मा लावला आणि अर्ज वरपासून खालपर्यंत दोनदा वाचला. मग विचारलं, ‘म्हणजे आपण बघितलंत.’

बघितलं, मी म्हटलं.

‘कधी?’

परवा.

‘शुक्रिया,’ म्हणाले. पण ते मला आवडेल अशा आवाजात नव्हतं. सही केली. मग मान वर करून म्हणाले, ‘त्या दिवशी माझी नात आपल्या घरात उभी होती, सर. बसायलाही कुणी सांगितलं नाही. काकूंनी चहा दिला ती गोष्ट वेगळी.’ ते माझ्याकडे बघत राहिले. मी पुस्तकांच्या पाठींवरची नावं वाचली.

तेवढ्यात मेहनाज शाळेतून आली. नियम चौदा मी तिथल्या तिथे रद्द केला, कारण मला विचारायचंच होतं. विचारलं, दोनशेवर का थांबली नाहीस?

तिने माझ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं. म्हणाली, ‘का? दोनशेला काय असतं?’

काही नसतं, मी म्हटलं.

मग ती एकदम बोलत सुटली. दप्तरही उतरवलं नव्हतं. म्हणाली, ‘सर, तिघांतनं एकेक वजा केला ना, तर दोनशे दहा, चारशे वीस, सहाशे तीस येतात. एकपट, दुप्पट, तिप्पट. आणि अख्ख्या संख्येतनं एक वजा केला तरी त्या तिघांनी भाग जातो. मी घरी येऊन करून बघितलं. असली संख्या सापडणं किती अवघड असेल. आमच्या बाईंना मी म्हटलं, सरांनी ही मुद्दाम शोधून ठेवलीये, कोण शेवटपर्यंत जातं बघायला. मुद्दामच होती ना, सर?’

म्हाताऱ्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. त्याला कळलं होतं.

मी म्हटलं, उशीर होतोय, बस जाईल.

२० फेब्रुवारी, गुरुवार

अर्ज काल कुरियरने गेला, ईमेलने प्रतही. आज दुपारी शिबिराच्या कार्यालयातून उत्तर आलं: मंडळातर्फे मेहनाजचं नाव नोंदवलं, नाव बदलता येणार नाही. ‘बदलता येणार नाही’ हे त्यांनी न विचारता लिहिलंय. इंद्रजीतने फोन केलेला दिसतो.

सुधारित निकाल वर्गाच्या दारावर लावला. मेहनाज, शंभर. तेवीस वर्षांत पहिली. एक्केचाळीस मुलांचे दहा-दहा गुण कापले. संध्याकाळपर्यंत नऊ पालकांचे फोन. एकाने विचारलं, चूक सरांची असताना मुलांचे गुण का जातात? मी म्हटलं, संख्येला विचारा. एका आईने फी परत मागितली. तिला फोन ठेवायला सांगितलं.

तनुजाला पत्र टाकलं. ‘दोन वर्ग सादर करता येणार नाहीत. ते अस्तित्वात नाहीत. आपल्या क्षमापत्राची आवश्यकता उरलेली नाही.’ शालूने वाचलं आणि विचारलं, एवढंच? मी म्हटलं, आणखी काय पाहिजे. ती म्हणाली, काही नाही, पाकीट बंद करा.

२२ फेब्रुवारी, शनिवार

तनुजाचं उत्तर आलं. एक छायाप्रत पाठवली आहे. तिच्या नववीतल्या वहीचं पान, निळ्या शाईत त्या व्याख्यानाचा उत्तरार्ध, खाली २११, ४२१, ६३१. सोबत चिठ्ठी: ‘सर, तेव्हा दाखवायला आणली होती. उद्या मेहनाजला घेऊन येते. तिला तुमच्या तोंडून ऐकायचंय.’

ही मदत आहे की टोमणा, मला ठरवता येत नाही. शालू म्हणते, तुम्हाला ठरवता येणारही नाही.

उद्या दहाला सभा. ठराव एकच, मला काढायचा. मतं मोजली; सोळापैकी बारा इंद्रजीतची. ठराव होईल. पालक येणार आहेत, त्यांना मी गुणाकार करायला लावणार आहे, फळ्यावर, मोबाइल न काढता. त्यांचं मला काही वाटत नाही. त्यांनी ओरडावं, मीही ओरडीन. शिबिराची जागा कुणालाही हलवता येत नाही, एवढ्यावर माझं काम झालेलं आहे.

पण मेहनाज पहिल्या रांगेत बसेल. आणि तिने मंगळवारी विचारलेलं मध्येच उठून पुन्हा विचारील, सगळ्यांसमोर, दप्तर पाठीवर असल्यासारखी पुढे झुकून. मुद्दाम होती म्हटलं तर एक्केचाळीस मुलांना मी जाणूनबुजून फसवलं असं होतं, आणि इंद्रजीत तेवढ्यावर सुटतो. नाही म्हटलं तर तिला कळेल की ही संख्या तिच्यासाठी कुणीही शोधून ठेवलेली नव्हती.

मी नाही म्हणणार आहे. वाक्य लिहून ठेवलंय: ‘मला माहीत नव्हतं.’ चारदा म्हणून पाहिलं. शालूने स्वयंपाकघरातून सांगितलं की अजून रागावून म्हणताय.